एकाच टाकीत नळाचे आणि बोअरचे पाणी

प्रश्न : आम्ही सांगलीत विश्रामबागच्या पलीकडे, कुपवाडच्या बाजूला, २४ सदनिकांच्या सोसायटीत राहतो. महापालिकेचे पाणी सकाळी तास-सव्वा तास येते आणि ते भूमिगत टाकीत साठते. तेवढे पुरत नाही म्हणून त्याच टाकीत बोअरचे पाणी सोडले जाते आणि ते सगळे गच्चीवरच्या टाकीतून घरोघरी येते. दोन वर्षांत आमच्या गिझरची कॉइल दोनदा जळाली, नळांच्या जाळ्या पांढऱ्या थराने बुजतात, तूरडाळ सहा शिट्ट्यांनंतरही कणीदार राहते आणि मुलीचे केस फार गळू लागले आहेत. यजमानांना मुतखड्याचा त्रास आहे, सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. मागील आठवड्यात जलशुद्धीकरण यंत्रे विकणारा एक प्रतिनिधी घरी आला. त्याने आमच्या पाण्याचा टीडीएस ७८० दाखवला आणि दोन पेल्यांत सळया बुडवून विजेचा एक प्रयोग केला. त्याच्या यंत्राचे पाणी स्वच्छ राहिले, आमचे मात्र काळपट हिरवे होऊन वर गाळ तरंगला. त्या दिवसापासून सासूबाईंनी नळाचे पाणी पिणे सोडले असून आम्ही जार विकत घेतो. येत्या रविवारी सोसायटीच्या सभेत इमारतीसाठी सॉफ्टनर घ्यायचा की प्रत्येकाने घरी आरओ बसवायचा, हे ठरायचे आहे. कृपया मार्गदर्शन करावे.
– एक गृहिणी, सांगली

उत्तर : सासूबाईंना सर्वप्रथम एवढे सांगावे की पेल्यात त्यांनी पाहिलेला काळपट हिरवा गाळ आपल्या पाण्यात आधीपासून नव्हता, तो त्या प्रतिनिधीने सोबत आणलेल्या सळईतून बाहेर पडला. या उपकरणातील सळयांपैकी एक बहुधा लोखंडाची आणि दुसरी ॲल्युमिनियमची असते. पाण्यात क्षार विरघळलेले असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहू लागली की सळई झिजते आणि तिच्यातले लोह पाण्यात उतरून आधी हिरवट, मग काळपट आणि शेवटी तांबूस गाळाच्या रूपाने वर येते. आरओच्या, म्हणजे दाबाने सूक्ष्म पडद्यातून पाणी गाळणाऱ्या यंत्राच्या, पाण्यातले बहुतेक क्षार काढून टाकलेले असल्यामुळे त्यातून वीज फारशी वाहत नाही, सळई झिजत नाही आणि पाणी जसेच्या तसे दिसते. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असताना हाच प्रयोग विद्यार्थ्यांसमोर करत असे आणि शेवटी त्या स्वच्छ राहिलेल्या पेल्यात स्वयंपाकघरातले चिमूटभर मीठ टाकून पुन्हा वीज सोडत असे. थोड्याच वेळात तो पेलाही शेजारच्या पेल्यासारखा गढूळ होई. तो प्रतिनिधी रविवारच्या सभेला येणार असेल, तर त्याला सर्वांसमोर एवढेच करून दाखवावयास सांगावे. घरी स्वतः मात्र हा प्रयोग करू नये, कारण त्यात घरातली वीज पाण्यात सोडली जाते. भीती दाखवून यंत्र विकण्याचा हा मार्ग मला अत्यंत अयोग्य वाटतो. त्या धास्तीने वयस्कर माणसाने पाणी पिणेच कमी केले, तर त्यातून होणारा अपाय क्षारांच्या अपायापेक्षा मोठा आहे.

७८० हा आकडा मात्र खोटा म्हणता येणार नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सर्व पदार्थांची बेरीज. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोने ठरवलेल्या आयएस १०५०० या मानकात (२०१२) ही बेरीज लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावी असे म्हटले आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावी अशी सवलत दिली आहे. त्यामुळे आपले पाणी आदर्श नसले तरी विषही नाही. खिशातला तो मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि तिच्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. ते क्षार कोणते आहेत आणि पाण्यात रोगजंतू आहेत की नाहीत, यांपैकी काहीही त्याला कळत नाही. शहाळ्याच्या पाण्यात तो बुडवला तर आकडा दोन हजारांच्या वर जाईल, आणि ते पाणी आपण आजारी माणसाला मुद्दाम देतो. उलट गटाराचा अंश मिसळलेल्या नदीच्या पाण्यात तो २५० दाखवील आणि ते पिऊन घरात कावीळ येईल.

गिझर, जाळ्या आणि तूरडाळ या आपल्या तीन तक्रारींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हटलेले असते, कारण त्यात साबणाचा फेस होत नाही. घरात आपण त्याला जड पाणी किंवा क्षाराचे पाणी म्हणतो आणि जिभेला फारच खारट लागले तर मचूळ म्हणतो. सांगली-मिरज परिसरात जमिनीखाली काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट खडक आहे आणि त्यावर कृष्णाकाठची काळी माती आहे. या मातीत चुनखडीचे पांढरे खडे सापडतात; इमारतीच्या पायाचा खड्डा खणताना आपणही ते कधी पाहिले असतील. पावसाचे पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, वाटेतला चुना आणि खडकातली खनिजे विरघळवत खाली जाते आणि खडकाच्या भेगांत साठून राहते. ते जितका काळ तिथे थांबेल तितके अधिक क्षार त्यात उतरतात, म्हणून खोल बोअरचे पाणी उथळ आडाच्या पाण्यापेक्षा अनेकदा जड निघते. त्यात कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात अतिसिंचनाने जमिनी क्षारपड झाल्या आहेत, ही गोष्ट मिरज, पलूस किंवा वाळवा तालुक्यातल्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. नदीचे पाणी वाहते असते, त्यात पावसाचा आणि धरणातून सोडलेल्या पाण्याचा वाटा मोठा असतो, म्हणून नळाचे पाणी बोअरच्या मानाने सौम्य असते.

प्रयोगशाळेच्या अहवालात हा जडपणा ‘टोटल हार्डनेस’ या नावाने आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिहिलेला असतो. मानकानुसार तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो. समजा, आपल्या टाकीतल्या पाण्यात तो ४५० आहे आणि आपल्या घरात रोज ६० लिटर पाणी गरम होते. म्हणजे दररोज २७ ग्रॅम क्षार गिझरमधून जातात. पाणी तापले की विरघळलेल्या बायकार्बोनेटचे न विरघळणाऱ्या कार्बोनेटमध्ये रूपांतर होते आणि ते सर्वांत तप्त जागी, म्हणजे कॉइलवरच, बसते. त्या २७ ग्रॅमचा दहावा भागच आत राहिला असे धरले तरी वर्षाअखेर गिझरमध्ये जवळजवळ एक किलो चुना साठतो. हा थर उष्णता अडवतो, त्यामुळे कॉइल आतल्या आत अति तापते आणि जळते. आपली कॉइल दोनदा गेली, यात ती बनवणाऱ्याचा दोष असेलच असे नाही.

आता घरातल्या माणसांविषयी. जड पाण्याने मुतखडा होतो, ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे, पण पाण्याचा जडपणा आणि मुतखडा यांचा असा सरळ संबंध सिद्ध झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. आहारातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते, म्हणून ते अजिबात बंद करणेही हिताचे नसते. मुतखड्याचा सर्वांत मोठा सोबती म्हणजे अपुरे पाणी. दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे असे या रुग्णांना सांगितले जाते, आणि सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत त्यासाठी तीन लिटरच्याही पुढे प्यावे लागेल. यजमानांच्या डॉक्टरांनी वेगळे काही सांगितले असेल तर अर्थातच तेच पाळावे.

मुलीच्या केसांबाबत मी सावधपणे लिहितो. जड पाण्यात साबणाचे कॅल्शियमशी संयुग होऊन चिकट साका तयार होतो, तो केसांवर बसतो, केस राठ आणि निस्तेज होतात व विंचरताना तुटतात. तुटलेले केस फणीत पाहून ते गळत आहेत असे वाटू शकते. केस मुळापासून गळत असतील, तर रक्तातले लोह, थायरॉइड किंवा नुकताच येऊन गेलेला ताप अशी कारणे असू शकतात आणि ती पाण्यात शोधत बसल्याने उपचाराला उशीर होईल. फणीतला केस उजेडात धरून पाहावा. त्याच्या टोकाला पांढरा बारीक कंद दिसला तर तो मुळापासून आलेला आहे. असे केस खूप असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. दरम्यान साबणाऐवजी शाम्पू वापरून शेवटचे दोन तांबे सकाळी भरून ठेवलेल्या नळाच्या पाण्याचे घ्यावेत.

माझी खरी काळजी आपल्या पत्रातील एका साध्या वाक्याबद्दल आहे. आपण लिहिता की नळाचे पाणी पुरत नाही म्हणून त्याच टाकीत बोअरचे पाणी सोडले जाते. या दोन पाण्यांचे दोष वेगवेगळे आहेत. बोअरच्या पाण्याचा दोष क्षारांचा आहे. तो भांड्यांना, गिझरला आणि खिशाला लागतो. नळाचे पाणी कृष्णेतून उचलून, गाळून, क्लोरीन देऊन सोडलेले असते. त्याला धोका असतो तो शुद्धीकरण केंद्रापासून आपल्या दारापर्यंतच्या वाटेवर. नळाला पाणी दिवसातून थोडा वेळच येत असेल, तर उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी असते, आणि ती गटाराच्या शेजारून जात असेल व कुठे गळत असेल, तर त्याच फटीतून बाहेरची घाण आत शिरते. कोणी थेट नळजोडणीला मोटर लावून पाणी ओढत असेल तर वाहिनीतला दाब आणखी घटतो आणि हे शोषण वाढते. आपल्या सोसायटीत किंवा शेजारी अशी मोटर असेल तर सभेत आधी तिच्याबद्दल बोलावे. पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन हाच या वाटेवरचा पहारेकरी असतो. मानकानुसार तो ग्राहकाच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. आपण मात्र ते पाणी टाकीत घेतल्याबरोबर त्यात क्लोरीन नसलेले बोअरचे पाणी मिसळता, म्हणजे होता तो क्लोरीन पातळ होतो आणि संपतो. परिणामी २४ घरांना मिळणारे सगळे पाणी जडही होते आणि जंतूंपुढे उघडेही पडते. जमिनीखालच्या टाकीचे झाकण नीट बसत नसेल किंवा ड्रेनेजचा चेंबर तिच्याजवळ असेल, तर पावसाळ्यात हा धोका कैक पटींनी वाढतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर घरोघरच्या टाक्या उपसून धुताना सांगलीकरांनी हे प्रत्यक्ष अनुभवले आहे.

म्हणून रविवारच्या सभेत सॉफ्टनर आणि आरओ या दोहोंच्या आधी मी तिसराच विषय मांडावयास सांगेन: दोन पाणी वेगळे करणे. पिणे, स्वयंपाक आणि वरची भांडी यांसाठी एका घराला दिवसाला ८० लिटर पाणी धरले तरी २४ घरांचे मिळून १,९२० लिटर होतात. म्हणजे गच्चीवर २,००० लिटरची एक स्वतंत्र टाकी आणि तिच्यापासून प्रत्येक स्वयंपाकघरातल्या एकाच नळापर्यंत उतरणारी वेगळी पाइपलाइन, एवढ्याने काम भागते. सव्वा तासाच्या नळाच्या पाण्यातून इतके पाणी सहज बाजूला निघावे. भूमिगत टाकी मोठी असेल तर मध्ये भिंत घालून तिचे दोन कप्पे करावेत, नाहीतर नळाच्या पाण्यासाठी खाली एक छोटी वेगळी टाकी बसवावी. उरलेले नळाचे पाणी आणि बोअरचे पाणी पूर्वीप्रमाणे न्हाणीघर, धुणे आणि संडासासाठी वापरावे. प्लंबरला दोन गोष्टी लेखी सांगाव्यात: दोन्ही लाइन कुठेही एकमेकींना जोडू नयेत, ‘अडचणीच्या वेळी उपयोगी पडेल’ म्हणून मध्ये व्हॉल्व्हसुद्धा ठेवू नये, आणि बोअरचे पाणी महापालिकेच्या वाहिनीत उलटे जाणार नाही अशी व्यवस्था असावी. जुन्या इमारतीत नवीन पाइप बाहेरच्या भिंतीवरून न्यावा लागेल आणि तो दिसायला बरा दिसणार नाही, याबद्दल सभेत कुरकुर होईल. ती ऐकून घ्यावी, पण निर्णय बदलू नये.

हे काम सुरू होण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्यावी, आणि ती यंत्र विकणाऱ्याकडून कधीही करून घेऊ नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत किंवा एखाद्या मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत शुल्क भरून ती करता येते. नमुने तीन असावेत: टाकीत पडण्यापूर्वीचे नळाचे पाणी, थेट बोअरचे पाणी आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी. क्षारांच्या तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावी. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी, ती विसळू नये, तोटी पुसून आणि शक्य असल्यास ज्योतीने शेकून, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू देऊन मग भरावी, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी. घाईघाईत घेतलेल्या नमुन्याचा अहवाल पाण्याविषयी न सांगता आपल्या हाताविषयीच सांगतो.

अहवाल आल्यावर सर्वजण टीडीएसच्या ओळीकडे पाहतील. आपण आधी इतर तीन ओळी पाहाव्यात. पहिली ई-कोलायची: १०० मिलिलिटर पाण्यात हा जंतू अजिबात आढळता कामा नये, कारण तो आढळणे म्हणजे मैला मिसळल्याची खूण होय. दुसरी नायट्रेटची: त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असून तिच्यात सवलत नाही. शेतातले रासायनिक खत आणि मैल्याच्या टाक्यांचा पाझर यांमुळे तो भूजलात येतो, सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना त्यापासून विशेष धोका असतो, आणि तो उकळून जात नाही; उलट पाणी आटल्याने वाढतो. इमारतीत एखादे तान्हे बाळ असेल तर त्या घराला हे आवर्जून सांगावे. तिसरी फ्लोराइडची: ते १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि फार तर १.५ पर्यंत. या तीन ओळी ठीक असतील तर जडपणाच्या आकड्याकडे शांतपणे पाहता येईल.

सॉफ्टनर आणि आरओ ही दोन अगदी वेगळी कामे करणारी यंत्रे आहेत. सॉफ्टनरमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्या बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन ते पुन्हा तयार करावे लागतात. यात क्षारांची अदलाबदल होते, क्षार कमी होत नाहीत, म्हणून सॉफ्टनर बसवल्यावरही टीडीएस मीटर जवळपास तोच आकडा दाखवील. त्यावरून यंत्र निकामी आहे असे कोणी ओरडू लागला तर त्याला हे समजावून सांगावे. जंतूंवर सॉफ्टनरचा काहीही परिणाम होत नाही. लिटरला ४५० मिलिग्रॅम जडपणा पूर्ण काढला तर त्याच पाण्यात लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम सोडियम वाढते. दिवसाला तीन लिटर पाणी पिणाऱ्याच्या पोटात त्यातून ६०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम मिठाइतके सोडियम जाते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसभरात ५ ग्रॅमहून कमी मीठ खावयास सांगते. रक्तदाबासाठी जेवणातले मीठ मोजून घेणाऱ्या आपल्या सासऱ्यांना हे पाणी पिण्यासाठी देणे योग्य नाही. म्हणून सॉफ्टनर घ्यायचाच असेल तर तो फक्त न्हाणीघराच्या आणि धुण्याच्या लाइनवर घ्यावा, स्वयंपाकघरातल्या नळाला त्याचे पाणी जोडू नये आणि रेझिन धुतलेले खारे पाणी बागेत किंवा बोअरजवळच्या खड्ड्यात न सोडता ड्रेनेजला सोडावे. बोअरचा जडपणा ३००च्या आसपास असेल तर मी हा खर्च करणार नाही. ५०० किंवा त्याहून जास्त असेल तर गिझर, वॉशिंग मशिन आणि सौर बंब यांच्या दुरुस्तीचा खर्च पाहता सोसायटीसाठी तो परवडतो. पाइपला बाहेरून चुंबक लावून क्षार जातात असे सांगणारी जी उपकरणे विकली जातात, त्यांच्यामागे भरवशाचा पुरावा नाही. त्यांवर एक रुपयाही घालवू नये.

आरओ क्षार, नायट्रेट आणि फ्लोराइड खरोखरच कमी करते, पण त्यासाठी पाणी टाकून द्यावे लागते. घरगुती यंत्रांपैकी अनेक यंत्रे एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर सोडून देतात. नळाला सव्वा तास पाणी येणाऱ्या वस्तीत २४ घरांनी हे करणे मला पटत नाही. जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सरकारला सांगितले होते, त्यामागेही पाण्याची ही नासाडी होतीच. नळाचे पाणी वेगळे केल्यावर ते ५०० च्या खाली आले आणि नायट्रेट, फ्लोराइड ठीक निघाले, तर आपल्या घराला आरओची गरज नाही. गाळण आणि अतिनील दिव्याचे साधे यंत्र किंवा रोजचे उकळणे पुरेसे आहे. पिण्यासाठी बोअरवरच अवलंबून राहावे लागत असेल आणि अहवालात नायट्रेट मर्यादेबाहेर असेल, तर मात्र विनासंकोच आरओ घ्यावे आणि त्याचे सांडपाणी बादलीत धरून फरशीसाठी व संडासासाठी वापरावे.

गिझरचे तापमान ५५ अंशांच्या आसपास ठेवावे. ६०च्या पुढे चुना झपाट्याने बसतो. वर्षातून एकदा कारागिराकडून तो उघडून साफ करून घ्यावा आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदलून घ्यावा, कारण टाकीचा गंज तो स्वतःवर घेत असतो. नळाची जाळी काढून वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून तासभर बुडवून ठेवली की पांढरा थर बुडबुडे काढत सुटतो. जुन्या दातांच्या ब्रशने घासून ती परत लावावी. ॲसिडची बाटली आणून फरशी व नळ धुण्याची सवय असेल तर ती सोडावी, आणि कोणतेही ॲसिड, लिंबूसत्त्वसुद्धा, ब्लीचिंग पावडरबरोबर कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. तूरडाळ नळाच्याच पाण्यात तासभर भिजवून शिजवावी आणि चिंच, आमसूल किंवा टोमॅटो डाळ मऊ झाल्यानंतर घालावे. कॅल्शियम डाळीच्या पेशींना घट्ट धरून ठेवते आणि आंबटपणा त्यात भर घालतो. उन्हाळ्यात माठाच्या अंगावर पांढरी पूड दिसते ती बुरशी नसून बाहेर झिरपलेले क्षारच असतात. त्यांनी माठाची छिद्रे बुजतात आणि पाणी गार होत नाही, म्हणून माठ बाहेरून काथ्याने घासावा. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. तांब्याच्या कळशीनेही जात नाही.

सभेत आणखी एक ठराव करून घेता आला तर फार बरे होईल. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी जमते, आणि ते अगदी सौम्य असते. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडून नंतरचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात मुरवले, तर बोअरच्या पाण्यातले क्षार हळूहळू पातळ होतात. हा परिणाम एका पावसाळ्यात दिसेलच असे मी सांगणार नाही. खड्ड्याजवळून ड्रेनेजची लाइन जात असेल तर मात्र जागा बदलावी.

टाक्यांची सफाई वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर, तारीख लिहून करावी. बोअरच्या टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर घालायची झाल्यास १,००० लिटरला अडीच ग्रॅम हे प्रमाण धरावे. ३३ टक्के क्लोरीनच्या ताज्या पावडरीतून लिटरला साधारण ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. ती बादलीत कालवून, वरची निवळी टाकीत ओतून अर्धा तास थांबावे. महापालिकेचे किंवा आरोग्य खात्याचे कर्मचारी ज्या ओटी चाचणीने पाण्याला पिवळा रंग येतो की नाही, म्हणजे त्यात क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे पाहतात, ती आपल्या टाकीवरही करून दाखवण्याची विनंती त्यांना करावी.

पाइपलाइन होईपर्यंत जार बंद करावेत, असे मी सुचवतो. सील नसलेल्या थंड पाण्याच्या जारबरोबर कसलाही अहवाल येत नाही. सकाळी पाणी आल्यावर पहिल्या पाच मिनिटांचे पाणी धुण्याला घ्यावे, नंतरचे टाकीत न जाऊ देता खालच्या नळावर थेट कळशीत भरावे, स्वच्छ दुहेरी फडक्यातून गाळावे आणि खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसेच उकळू द्यावे. ते झाकलेल्या भांड्यात निववून माठात ओतावे आणि ओगराळ्याने काढावे, पेला आत बुडवू नये. उकळलेल्या पाण्याच्या तळाशी थोडी पांढरी पूड बसलेली दिसेल. ती चुन्याची आहे, सासूबाईंना ती दाखवून वरचे पाणी हलकेच ओतून घ्यावे. तीनही नमुन्यांचे अहवाल हाती आले की ते मला पाठवावेत, म्हणजे सॉफ्टनरचा निर्णय आकडे पाहून करता येईल.